जिता मुद्देमाल

निलंग्याहून कर्नाटकच्या हद्दीकडं निघालं की वाटेत होनमाळ लागतं. गावाच्या अलीकडं वनखात्याची रोपवाटिका आहे. चार एकर जागा, भोवती काटेरी तार, आत काळ्या पिशव्यांमध्ये करंज, चिंच, शिरस, बांबूची रोपं आणि टोकाला पत्र्याच्या दोन खोल्या. एकीत बी-बियाणं, खुरपी, झाऱ्या. दुसरीत अयोध्याबाई आणि तिचा नवरा भुजंग.

अयोध्याबाईचं माहेर माहूरच्या गडाखालचं. लग्न होऊन इकडं येऊन सव्वीस वर्षं झाली तरी तिकडची बोली तिच्या जिभेवरून उतरली नव्हती. "काय करून राहिल्या बाई?" असं तिनं विचारलं की इकडच्या मजूर बाया पदर तोंडाला लावून हसत. ती रोजंदारीवर होती आणि भुजंगही. भुजंगचं काम बी गोळा करायचं. उंच झाडाच्या शेंड्यावरच्या शेंगा, जिथं काठी पोचत नाही, तिथं तो जायचा. पंचक्रोशीत त्याच्यासारखा चढणारा माणूस नव्हता. सात वर्षांपूर्वी शिरसाची एक वाळकी फांदी त्याच्या पायाखाली मोडली आणि तो पाठीवर पडला. कमरेखालचं सगळं गेलं.

लातूरच्या डॉक्टरांनी घरी पाठवताना अयोध्याबाईला एकच गोष्ट बजावून सांगितली. दर दोन तासांनी यांची कूस बदलायची, नाही तर पाठीला जखमा होतील आणि त्या जखमाच यांना नेतील. तेव्हापासून तिच्या जगाची हद्द दोन तासांची झाली. बाजाराला गेली तरी ती जाताना आणि येताना घड्याळ बघायची. तिची आई गेली तेव्हा माहूरकडून फोन आला. ती फोन कानाला लावून पाण्याच्या टाकीपाशी बसून राहिली. जायचं म्हटलं तर दिवसभराची वाट. मुलगी अंजू चाकूरला दिलेली, तेव्हा बाळंतीण. दुसऱ्या कुणी बाईनं हात लावलेला भुजंगला चालत नव्हता आणि पुरुष माणूस रोज कोण येणार? आईचं तोंड तिला दिसलं नाही.

भुजंग बोलेनासा झाला होता. भाकर दिली की खायचा, कूस बदलली की भिंतीकडं बघायचा. रात्री त्याला झोप लागत नसे. अयोध्याबाई दिवसभराच्या पाण्याच्या पाळ्यांनी थकून पडायची, गजर झाला की उठायची, त्याला वळवायची, पुन्हा पडायची. मधल्या वेळात तो उघड्या डोळ्यांनी काय करायचा, हे तिनं कधी विचारलं नाही.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी वनरक्षक सोमेश मोटारसायकलवरून आला. मागं बसलेल्या माणसाच्या मांडीवर बांबूची दुरडी होती, वरून टॉवेल बांधलेला.

"मावशी, हे दोन दिवस तुमच्याकडं ठेवायचं हाय."

"काय हाय त्यात? साप?"

"साप असता तर मीच सोडून आलो असतो," सोमेश म्हणाला आणि टॉवेलाची एक कड उचलली.

आत मूठभर जीव होता. करड्या अंगाचा, शेपूट नसलेला, काटकीसारखे हातपाय पोटाशी घेऊन बसलेला. एवढ्याशा तोंडावर दोन डोळे इतके मोठे की बाकी कशाला जागाच उरली नव्हती. मनगटांवर आणि घोट्यांवर कातडी सोलून निघाली होती. कुणीतरी चारी पाय नायलॉनच्या दोरीनं एकत्र बांधले होते.

सोमेशनं हकिगत सांगितली. हद्दीपलीकडून येणाऱ्या एसटीत, वरच्या फळीवरच्या एका पिशवीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. कंडक्टरनं पिशवी कुणाची म्हणून विचारलं, तर एक माणूस उठून दाराकडं पळाला. प्रवाशांनी त्याला धरला. नाव रेवणसिद्ध, वय तिशीचं. गुप्तधन शोधणाऱ्या कुणासाठी तो हे जनावर नेत होता. याच्या डोळ्यांना जमिनीच्या पोटातलं दिसतं, असं त्या लोकांचं म्हणणं. घेणारा कोण, ते त्यानं सांगितलं नाही. कदाचित त्याला माहीतही नसावं.

"आता हा मुद्देमाल हाय," सोमेश म्हणाला. "कोर्टाचा हुकूम होईस्तोवर सांभाळायचा. ऑफिसात कुत्री हायत, गर्दी हाय. इथं शांतता हाय."

"जिता मुद्देमाल?" अयोध्याबाईनं विचारलं.

"जिता ऱ्हायला पायजे, एवढंच."

पाणी घालायला आलेली नीलम्मा दारातून डोकावली आणि तिच्या हातातली झारी खाली आली. नीलम्मा मूळची कर्नाटकातली. इथं काम करायला लागून तिला तीन वर्षं झाली होती.

"अय्यो, काडुपापा!"

"काय म्हणली?"

"काडुपापा, अक्का. काडु म्हंजे रान, पापा म्हंजे लेकरू. रानातलं लेकरू." ती गुडघ्यांवर बसली, पण हात लावला नाही. "लहानपणी आईबापासंगं तुमकूरकडं सुपारीच्या बागंत कामाला जायचाव. संध्याकाळी बांधावरच्या झुडपात ह्याचे डोळे चमकायचे. आई म्हणायची, बघू नगा, त्याला लाज वाटती. इतक्या लांब कसं आणलं गं ह्याला?"

जनावराला अंधार आणि ऊब लागेल म्हणून पिंजरा कुठं ठेवायचा याचा विचार झाला. बियाणाच्या खोलीत औषधं मारलेली होती. शेवटी बारीक जाळीचा, माणसाच्या छातीएवढा पिंजरा अयोध्याबाईच्याच खोलीत, भुजंगच्या खाटेच्या पायथ्याशी आला. भुजंगनं एकदा तिकडं पाहिलं आणि तोंड भिंतीकडं केलं.

तिसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टर आल्या, ऋतुजा मॅडम. पोरसवदा, पण हात पक्के. जखमा धुऊन औषध लावताना त्या अयोध्याबाईशी बोलत होत्या.

"याला लोरिस म्हणतात. माकडाच्याच कुळातला, पण माकडासारख्या उड्या मारत नाही. फांदीला फांदी भिडलेली असली तरच याला पुढं जाता येतं. मधली दोन झाडं तोडली की याचा रस्ताच तुटला. मग खाली उतरतं, रस्त्यावर येतं, गाडीखाली जातं नाही तर असल्या लोकांच्या हाती लागतं."

"खातं काय मॅडम?"

"किडे. मुंग्या, वाळवी, नाकतोडे, पाली. बाभळीचा डिंक देऊन बघा. आणि माणसाची सवय होऊ देऊ नका. गोंजारायचं नाही, बोलायचं नाही. परत रानात जायचंय त्याला. काय खाल्लं, कसं चढलं, कधी जागं झालं, रोज लिहून ठेवाल? हे कागद पुढं उपयोगी पडतील."

अयोध्याबाई चौथीपर्यंत शिकलेली. रोपांच्या नोंदीची एक जुनी वही तिनं मागच्या बाजूनं उघडली. पण लिहिणार काय? दिवसभर ते जनावर कोपऱ्यात डोकं मांड्यांत घालून, चेंडूसारखं गोल होऊन झोपलेलं. ते जागं व्हायचं तेव्हा ती झोपलेली. सकाळी बघावं तर वाटीतले नाकतोडे अर्धे संपलेले, एवढंच. तिनं पहिल्या दिवशी लिहिलं : खाल्ले. दुसऱ्या दिवशी लिहिलं : खाल्ले.

तिसऱ्या सकाळी ती पेन घेऊन बसली, तर खाटेवरून आवाज आला.

"पंखं खात न्हाई."

तिनं वळून पाहिलं.

"नाकतोड्याचं मुंडकं आधी खातंय, पंखं खाली टाकतंय. लिव्ह." भुजंग भिंतीकडंच तोंड करून बोलत होता. "आन् दोन्ही हातानं धरतंय, लेकरू भाकर धरल्यावानी. आधी मुततंय हातावर. हात धुतल्यासारखं चोळतंय. मग चढायलंय."

"तुमी जागे व्हते?"

"म्या कधी झोपतो?"

तिनं ते सगळं लिहिलं. मॅडमनी पुढच्या खेपेला वही वाचली आणि मुताचं वाचून हसल्या. तसंच करतं ते, म्हणाल्या, बरोबर पाहिलंय. अयोध्याबाईनं खाटेकडं बोट दाखवलं.

तेव्हापासून रोज सकाळी चहाबरोबर भुजंग सांगायचा आणि ती लिहायची. पिंजऱ्यात तिनं करंजाच्या आणि बाभळीच्या फांद्या बांधल्या होत्या. एक दिवस तो म्हणाला, "वरची फांदी ढिली हाय. पक्की कर. त्याचा भरोसा बसंना तिच्यावर." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "कसं चढतंय बघायला पायजे तू. तीन पाय पक्के धरल्याबिगर चौथा सोडत न्हाई. घाई म्हनून न्हाई. म्या असाच चढायचो. त्या दिवशी घाई केलो." सात वर्षांत त्या दिवसाबद्दल तो एक अक्षर बोलला नव्हता. अयोध्याबाईनं पेन तसंच धरून ठेवलं. मग तिनं फक्त लिहिलं : वरची फांदी वापरली.

दोन दिवसांचे दोन आठवडे झाले, मग दोन महिने.

सोमेश यायचा आणि कागदाची गोष्ट सांगायचा. हा प्राणी आपल्याकडच्या रानात राहत नाही, म्हणून इथं सोडता येत नाही. तिकडं पाठवायचा तर इकडच्या मोठ्या साहेबांची परवानगी, तिकडच्या मोठ्या साहेबांची परवानगी आणि कोर्टाचा हुकूम. इकडचा कागद तिकडं गेला, तिकडून एका जोडपत्राची मागणी आली, जोडपत्र गेलं तर कोर्टाची तारीख पुढं गेली. मग निवडणुका लागल्या आणि सगळे त्या कामाला लागले.

"प्राणिसंग्रहालयात तरी न्या," ती एकदा म्हणाली.

"त्यालाबी हुकूमच लागतो, मावशी." तो खाली बघून म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. वनपाल गुरुपादप्पा त्याच्यावर ओरडायचे आणि गुरुपादप्पांवर आणखी वरचे कुणी.

जखमा भरल्या आणि मग त्या जनावराचं येरझारा घालणं सुरू झालं. आधी ते सावकाश, वास घेत, कान हलवत फिरायचं. आता एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात, तीच फांदी, तेच वळण. भुजंग सकाळी आकडा सांगायचा. "दोनशे वेळा गेलं-आलं. नंतर म्या मोजायचं सोडलो." मॅडमनी ते वाचलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. कोंडून ठेवलं की असं होतं, म्हणाल्या. त्यांनी फांद्या बदलायला सांगितलं, किडे वाटीत न देता सालीखाली लपवून द्यायला सांगितलं. त्यानं थोडा फरक पडला.

चैत्र-वैशाखात पत्रा तापला. दुपारी खोलीत बसवत नसे. अयोध्याबाई पोती भिजवून एक पिंजऱ्यावर टाकायची, एक खिडकीला. वीज गेली की ती पुठ्ठ्यानं वारा घालायची, मध्ये बसून, जेणेकरून खाटेलाही लागावा आणि पिंजऱ्यालाही. बाहेर रोपांना तिसरं पाणी. गवत वाळल्यामुळं नाकतोडे मिळेनासे झाले. नीलम्मा वारुळं फोडून डब्यात वाळवी आणायची. अयोध्याबाईच्या मनात कधीकधी येई, दोन झाले आता कूस बदलायला. मग तिची तिलाच भीती वाटे.

अशा एका दुपारी बबलू आला. भुजंगच्या चुलत्याचा मुलगा, जीप चालवणारा. वर्षातून एखाद्या वेळी यायचा. आज येताना केळी घेऊन आला. भुजंगपाशी थोडं बसला, पिंजऱ्याकडं बराच वेळ बघत राहिला आणि मग अयोध्याबाईला टाकीपाशी बोलावलं.

"वैनी, देवानं घरात इलाज पाठविलाय आन् तुमी वाळवी चारायलाव."

"कशाचा इलाज?"

"एक जाणता हाय. त्यानं लई लोकं उठवलेत. ह्या जनावराचे डोळे आन् कमरंचं हाड लागतंय त्याला. त्येल करतो. सव्वा महिना पाठीला लावायचं. दादा काठी धरून चालंल."

"भावजी, हे कोर्टाचं हाय."

"मेलं म्हनून सांगा. उन्हाळ्यात काय मरत न्हाई? कागदावर मेलं लिहितेत, संपलं." तो जवळ सरकला. "सात वर्सं झाली वैनी. तुमच्याकडं बघवत न्हाई. आईच्या मातीला जाता आलं न्हाई तुमाला."

तो गेल्यावर तिनं केळी नीलम्माला देऊन टाकली.

पण ते बोलणं गेलं नाही. अयोध्याबाई येडी नव्हती. लातूरच्या डॉक्टरांनी काळा फोटो उजेडावर धरून मणका कुठं तुटला ते तिला दाखवलं होतं. तेल लावून तुटलेलं जुळत नाही हे तिला कळत होतं. तरी पाणी घालताना, भाकर थापताना तिला भुजंग काठी धरून दारात उभा दिसायचा. सव्वा महिना. सात वर्षांपुढं सव्वा महिना काय? दोन दिवस तिनं वहीत नीट लिहिलं नाही. पिंजऱ्यात डबा ठेवताना ती त्या डोळ्यांकडं बघायचं टाळू लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं भुजंगला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, स्वतःच्या मनात काय आलं तेही.

त्यानं मान तिच्याकडं वळवली.

"तुला वाटतंय का, म्या उठंन?"

"न्हाई."

"मग?"

"थकली मी," अयोध्याबाई म्हणाली. "थकली. दुसरं काही न्हाई."

भुजंगनं हात लांब करून तिचं मनगट धरलं. "ठाव हाय मला. पन त्याला मारून माझ्या पाठीला लावलीस, तर रातच्याला म्या कुणाकडं बघू? ते येऱ्याझाऱ्या घालतंय, म्या इथं पडून हाव. रात सरती तरी." थोड्या वेळानं तो म्हणाला, "बबलूला येऊ देऊ नगंस."

पण बबलू विचारून येणारा नव्हता. ज्येष्ठातल्या आठवडी बाजाराच्या दिवशी, अयोध्याबाई निलंग्याला गेल्याचं पाहून तो कुंपणाच्या मागच्या अंगानं आत शिरला. नीलम्मा पार टोकाच्या वाफ्यांत होती. पुढं काय झालं ते भुजंगनं नंतर सांगितलं.

बबलूच्या हातात पक्कड होती. भुजंग ओरडला, शिव्या दिल्या. बबलू म्हणाला, "दादा, तुझ्यासाठीच करायलाव," आणि जाळी कापून हात आत घातला. झोपलेल्या जनावराला त्यानं मुठीत धरून बाहेर काढलं, तशी त्यानं बबलूच्या अंगठ्याच्या बेचक्यात कडकडून चावा घेतला. बबलूनं हात झटकला. जनावर खाली पडलं, आणि उजेडात काही न सुचून जे पहिलं हाताला लागलं ते धरून वर चढलं. ते होतं खाटेवरून लोंबणारं गोधडीचं टोक. बबलू अंगठा तोंडात घालून वाकून खाटेखाली बघत होता, तेवढ्यात भुजंगनं गोधडी ओढून घेतली.

"कुठं गेलं?"

"दारातून गेलं. तुझ्या बापाला भ्याल्यासारखं गेलं, पळ."

बबलू बाहेर धावला. त्यानं वाफे तुडवले, बांबूच्या रोपांत हात घातला. ते जनावर पळत नसतं, हे त्याला माहीत असतं तर तो दाराबाहेर गेलाच नसता. नीलम्मानं त्याला पाहून आरडाओरडा केला तसा तो तारेत शर्ट फाडून निघून गेला.

अयोध्याबाई परतली तेव्हा भुजंग तसाच पडून होता. घाम गळत होता. त्या उकाड्यात गळ्यापर्यंत गोधडी. कूस बदलायची वेळ टळून गेली होती.

"हात लावू नगं," तो हळू आवाजात म्हणाला. "पायापाशी हाय. मला कळंना कुठं हाय ते, पायाला समजतच न्हाई. पन हाय. बघ."

तिनं गोधडीची कड उचलली. ते त्याच्या वाळलेल्या पोटरीला चारी हातापायांनी मिठी मारून बसलं होतं, झाडाच्या फांदीला बसावं तसं. तिनं सोमेशला फोन केला.

तक्रार द्यायची की नाही यावर त्या संध्याकाळी गुरुपादप्पांसमोर बराच वेळ गेला. "घरातला माणूस हाय तुमचा, विचार करा," ते म्हणाले. अयोध्याबाईनं खाटेकडं पाहिलं. भुजंग म्हणाला, "नाव लिव्हा. बबलू." तिनं सही केली. त्यानंतर भुजंगच्या भावकीतलं कुणी त्यांच्या दारी आलं नाही.

सात महिने जे कागदांनी झालं नव्हतं ते त्या कापलेल्या जाळीनं केलं. मुद्देमाल चोरीला जाऊ शकतो म्हटल्यावर कोर्टानं आठ दिवसांत हुकूम दिला, तिकडून परवानगीचं पत्रही आलं. ऋतुजा मॅडमनी वहीची सगळी पानं फोटो काढून तुमकूरकडच्या वनखात्याच्या लोकांना पाठवली होती. त्यावरून त्यांनी ठरवलं की आधी रानातच मोठं जाळीचं कुंपण करून त्यात ठेवायचं आणि मग दार उघडायचं. इतके दिवस कुणी रात्रभर जागून नोंदी ठेवलेलं जनावर आमच्याकडं आजवर आलं नव्हतं, असं तिकडच्या एका डॉक्टरांनी कळवलं. मॅडमनी ते भुजंगला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आजून एकदा वाचा."

वनखात्याच्या जीपमध्ये एक जागा होती. मॅडम म्हणाल्या, "अयोध्याबाई, तुम्हीच चला. वाटेत खाऊ घालायला ओळखीचा हात हवा." एक रात्र जाताना, एक तिथं, एक येताना. अंजू चाकूरहून यायला तयार झाली. बापाला तेवढीच चालत होती. अयोध्याबाईनं पिशवीत एक लुगडं, एक टॉवेल घातला. सात वर्षांत ती पहिल्यांदा कुठं मुक्कामाला निघाली होती. नीलम्मानं तिच्या केसांना तेल लावून वेणी घालून दिली आणि तिकडची सुपारीची झाडं कशी दिसतात ते सांगत राहिली.

निघायच्या सकाळी भुजंगचं अंग तापलं. त्या बाजाराच्या दिवशी बदलायची राहिलेली एक कूस, त्या जागी कातडी लाल झाली होती. आठवडाभरात ती फुटली. अंजूनं थर्मामीटर दाखवलं. जीप दारात सुरू होती.

"जा तू," भुजंग दात वाजवत म्हणाला. "हिला येतंय सगळं."

अंजूही म्हणाली, "जा आई, मी हाय न."

अयोध्याबाईनं पिशवी उचलली, दारापर्यंत गेली, आणि परत येऊन ती खुंटीला अडकवली. तिनं दुरडी सोमेशच्या हाती दिली, वाळवीचा डबा दिला, डिंक कागदात बांधून दिला. कधी काय द्यायचं ते दोनदा सांगितलं. जीप गेली तेव्हा ती आत जखम धूत होती. आवाज तिला ऐकू आला, पण हातातलं काम सोडून ती बाहेर आली नाही.

भुजंग वाचला. ताप उतरायला बारा दिवस लागले. तोवर सोमेश दोनदा येऊन गेला होता. श्रावणात तो मोबाइलमध्ये एक चित्रफीत घेऊन आला. लाल उजेडात झुडपं दिसत होती. जाळीचं दार उघडं, आणि त्यातून एक हात बाहेर येतो, फांदी चाचपतो, धरतो, थांबतो. मग दुसरा हात. मग सगळं अंग. कुणीही घाई करत नाही. शेवटी पानं हलतात आणि काही दिसत नाही.

भुजंगनं ती चार वेळा बघितली. "फांदी चांगली हाय," म्हणाला, आणि मोबाइल परत दिला. त्या रात्रीपासून तो पुन्हा भिंतीकडं तोंड करून जागा राहू लागला. सोमेशनं रिकामा पिंजरा न्यायला माणूस पाठवला तेव्हा अयोध्याबाईनं खाटेजवळची ती जागा झाडून घेतली आणि तिथं बांबूच्या रोपांची रांग मांडली, बघायला काहीतरी असावं म्हणून. तो बघायचा. पण रोपं रात्री काही करत नाहीत.

खटला मात्र चालू राहिला. थंडीच्या सुरुवातीला अयोध्याबाईला साक्षीला बोलावलं. अंजू येऊन बसली तेव्हा ती निलंग्याला कोर्टात जाऊ शकली. वकिलानं फोटो दाखवून विचारलं, "हेच ते जनावर का?" ती म्हणाली, "हाव." "कशावरून ओळखलं?" ती म्हणाली, "सात महिने घरात व्हतं ते माझ्या." आरोपीच्या पिंजऱ्यात रेवणसिद्ध उभा होता. बारीक, मान खाली घातलेला, हातांना काय करावं ते न कळून गज धरून उभा. तिला वाटलं होतं तो कुणीतरी भयंकर असेल.

बाहेर बाकावर एक तरुण बाई बसली होती. अंगावर धुऊन विटलेली साडी, शेजारी डब्याची पिशवी. अयोध्याबाई बाहेर आली तशी ती उठली.

"तुमीच सांभाळल्याव का ते?"

"हाव. तुमी कोण?"

"त्येंची बायको." तिनं आत मान हलवली. जरा वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "जितं हाय का?"

"जितं हाय. त्याच्या रानात सोडलं."

"बरं झालं," ती बाई म्हणाली, आणि लगेच, दबक्या आवाजात, "जितं हाय म्हनल्यावर ह्यांना शिक्षा कमी लागंल का हो?"

अयोध्याबाईला ते माहीत नव्हतं. सोमेशनं एकदा सांगितलं होतं, या जनावराच्या गुन्ह्याला तीन वर्षांच्या खाली शिक्षा नाही. ते तिच्या ओठांवर आलं. त्या बाईच्या डब्यातून पिठल्याचा वास येत होता.

"मला न्हाई ठावं बाई," ती म्हणाली. "मी खरं ते सांगितलं."

"ते तर सांगायलाच पायजे."

शिपायानं बाहेर येऊन पुढची तारीख सांगितली. दीड महिन्यानंतरची. ती बाई तारीख तोंडातल्या तोंडात म्हणत खाली बसली, नवऱ्याची वाट बघत. अयोध्याबाईनं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. अंजू घरी असली तरी तिनं ते पाहिलं, आणि भराभरा पायऱ्या उतरून बसस्थानकाकडं निघाली.